ताम्हिणीतला रानसरडा: शोधायचा कसा, ओळखायचा कसा

जूनचे पहिले दोन-चार पाऊस झाले की माझ्या फोनवर सरड्यांचे फोटो यायला लागतात. खालचा मजकूर ठरलेला: "ताम्हिणीत शॅमेलिऑन सापडला!" फोटोत शॅमेलिऑन नसतो. असतो रानसरडा, म्हणजे घाटातल्या ओल्या रानातला सडपातळ सरडा, नाहीतर आपल्या सोसायटीच्या कुंपणावर बसतो तोच बागेतला सरडा. कितीदा तर तेही खात्रीने सांगता येत नाही, कारण डोकं झकास आलेलं असतं आणि ज्या खांद्यावरून ओळख पटायची तो नेमका पानाआड गेलेला असतो.

घोळ होतो तो रंगामुळे. ऊन, भीती, विणीचा हंगाम, झोप, सगळ्याने सरड्याचा रंग बदलतो, आणि आपण पहिल्यांदा बघतो तो रंगच. क्रम उलटा करा. आधी जागा बघा, मग अंगाची ठेवण, मग मान आणि खांदा. रंग शेवटी. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळलात तर पुढे अडाल.

टप्पा 1: आधी घरचा सरडा पाठ करा

थेट ताम्हिणी गाठू नका. निदान दोन आठवडे बागेतला सरडा, म्हणजे कॅलोटिस व्हर्सिकलर, नीट बघा. तो पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये आहे, वेताळ टेकडीवरच्या गिरीपुष्पावर आहे, बहुधा तुमच्या पार्किंगमागच्या मेंदीच्या कुंपणावरही आहे. रानात होणाऱ्या चुका बहुतेक हा नेहमीचा सरडा धड न पाहिल्यामुळेच होतात.

काय बघायचं? मानेपासून पाठीवर गेलेला काट्यांचा तुरा. कानाच्या वरच्या अंगाला दोन छोटे, सुटे काटे. अंगावरचे मोठे, जाड खवले, त्यांची टोकं मागे आणि वर वळलेली. दुर्बिणीतून मंगलोरी कौलं रचल्यासारखे दिसतात. आणि मुख्य म्हणजे पुढच्या पायाच्या वर, खांद्यापुढे, कातडी सपाट असते. तिथे घडी नसते. हे डोळ्यात बसवून घ्या, कारण पुढचा सगळा निकाल त्या बोटभर जागेवर लागणार आहे.

विणीच्या काळात नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो, गळ्यावर काळा डाग येतो. मादीच्या आणि पिल्लाच्या अंगावर बऱ्याचदा दोन फिकट पट्टे दिसतात. सकाळी साडेसातला मातकट दिसणारा सरडा दहाच्या उन्हात वेगळाच दिसतो. एकाच सरड्याचे दिवसभरात तीन फोटो काढून शेजारी शेजारी ठेवा. रंगावरचा विश्वास आपोआप उडेल.

तपासा: पाल आणि सरडा यांत अजून गोंधळ होतो का? सरड्याला पापण्या असतात, तो डोळे मिटतो. आपल्या घरातल्या पालींना हलणाऱ्या पापण्या नसतात, त्या जिभेने डोळा पुसतात.

टप्पा 2: हंगाम, वेळ आणि परवानगी

पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. पौड ओलांडून मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे गेलात की तासाभरात तुम्ही काही हजार मिलिमीटरच्या पट्ट्यात शिरता. रानसरडा या ओल्या बाजूचा. म्हणून शहरातल्या टेकड्यांवर तो शोधत बसू नका.

माझ्या अनुभवात दोन खिडक्या चांगल्या. पहिली जूनची सुरुवात, मुसळधार लागायच्या आत. नर तेव्हा उघड्यावर येऊन बसतात. दुसरी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, तेव्हा पिल्लंही दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं, सतत पाऊस आणि धबधब्यावरची शनिवार-रविवारची जत्रा. सरडा सोडून सगळं दिसतं. जायचंच असेल तर मंगळवार-बुधवार गाठा.

दिवसाची वेळ साडेआठ ते अकरा, झाडांमधून उन्हाचे कवडसे खाली उतरतात तेव्हा. रात्रीची वेळ आठ ते दहा.

सावध: ताम्हिणी आणि भीमाशंकर ही दोन्ही अभयारण्यं आहेत. आत शिरायचं तर वनखात्याची परवानगी हवी, आणि रात्री हौसेने भटकायला ती मिळेल असं धरून चालू नका. रात्रीचा शोध अभयारण्याच्या हद्दीबाहेर, ओळखीच्या माणसाच्या शेताच्या बांधावर किंवा मुक्कामाच्या घराच्या आवारात, मालकाला विचारून करायचा. गावच्या देवराईत जायचं तर गावात आधी सांगा. काही देवरायांत चपला बाहेर काढतात. तिथे चपला काढायची तयारी नसेल तर बाहेरूनच बघा.

टप्पा 3: सामान

फार काही लागत नाही. 8×42 ची दुर्बीण, डोक्याला बांधायची बॅटरी, शिवाय हातातली एक, लांब बाह्यांचा मळका शर्ट, घोट्यावर येणारे बूट, साधी लांब छत्री आणि वही. कॅमेरा असेल तर 70-300 ची लेन्स पुरते; नसेल तर फोनही चालतो, फक्त जवळ जाण्याचा संयम हवा.

वहीबरोबर पेन्सिल घ्या, पेन नको. माझ्या एका आख्ख्या मोसमाच्या नोंदी जेल पेनने लिहिलेल्या होत्या. परतीच्या एसटीत बॅग भिजली आणि घरी आल्यावर वहीत निळं पाणी तेवढं उरलं.

छत्री पावसासाठी आहेच, पण ती मोजपट्टीही आहे. घरीच तिची लांबी मोजून दांड्यावर दर 10 सेंटिमीटरला खूण करा. ती कुठे कामाला येते ते पुढे येईल.

टप्पा 4: सरड्याआधी झाड बघा

बहुतेक जण गाडीतून उतरले की सरडा शोधू लागतात. आधी पाच मिनिटं रान बघा. वरचा छत कितपत मिटलेला आहे? आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी अशी दाट सावलीची झाडं आहेत की उघडा उतार आणि त्यावर नुसती कारवी? खाली पालापाचोळा ओला आहे का? गारंबीसारख्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेल्या आहेत का?

रानसरड्याला सावली आणि ऊन दोन्ही लागतं, पण शेजारी शेजारी. मिट्ट काळोख्या रानाच्या पोटात तो मला कमी सापडला. सापडला तो कडेला: पायवाटेलगत, ओढ्याच्या काठी, एखादं मोठं झाड पडून छताला भोक पडलंय तिथे. उंचीही फार नसते. कमरेपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंतची खोडं आणि झुडपं आधी चाळा. लोक माना वर करून शेंडे बघत बसतात आणि सरडा कमरेजवळच्या कारवीवर असतो.

एक सोपी नोंद इथेच करून ठेवा. फोन छातीजवळ आडवा धरा, कॅमेरा आभाळाकडे करा आणि एक फोटो काढा. छत किती झाकलेला होता याचा पुरावा झाला.

उघड्या कातळसड्यावर, गवतात, जमिनीवर पळणारा आणि गळ्याचा पंखा उघडणारा सरडा दिसला तर तो या लेखाचा विषयच नाही. तो पंखागळ्या सरड्यांपैकी. त्यांतल्या एका गटाला 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी चक्क 'सराडा' असं नाव दिलं, आपल्याच सरड्यावरून. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर त्यांतला सुंदर निळा-काळा-नारिंगी गळ्याचा दिसतो. पण तो जमिनीवरचा. झाडावरच्यांच्या यादीत त्याला ओढू नका.

सावध: फांद्यांत हात घालू नका. चापडा, म्हणजे हिरवा विषारी साप, याच झुडपांत याच उंचीवर निवांत बसलेला असतो आणि पानाइतका हिरवा असतो. ऑक्टोबरनंतर खाजकुयलीच्या शेंगा बघून चाला. साप एक वेळ वाट देईल, खाजकुयली देत नाही.

टप्पा 5: दिवसाचा शोध, दोघांनी

एकट्याने गेलात तर निम्मे सरडे हुकतील. खोडावरच्या सरड्याला तुम्ही दिसलात की तो पळत नाही, खोडाभोवती सरकतो आणि पलीकडच्या अंगाला जाऊन चिकटतो. तुम्ही डावीकडे गेलात की तो उजवीकडे. त्याच्या बाजूने सुंदर युक्ती आहे.

म्हणून दोघं जा. पंधरा-वीस पावलांवरून एकाने खोडाच्या एका बाजूला उभं राहायचं, न हलता. दुसऱ्याने लांबून वळसा घालून पलीकडे जायचं. सरडा त्याच्यापासून लपायला सरकेल तो पहिल्याच्या समोर येईल. पहिल्याने तेव्हा टाळ्या पिटायच्या नसतात. दुर्बीण आधीच डोळ्याला हवी.

खोड चाळताना सरडा शोधू नका, न जुळणारी रेघ शोधा. सालीच्या उभ्या भेगांमध्ये एक रेघ जरा जास्त सरळ, खाली दोरीसारखी लांब गेलेली दिसते. ती शेपटी. तिच्यावरून वर चढत जा, मग पाय, मग डोळा.

टप्पा 6: रात्रीचा शोध

नवख्या माणसाला सरडे दाखवायचे असतील तर मी रात्रच निवडतो. हे सरडे दिवसा जागतात आणि रात्री बारीक फांदीच्या टोकाशी, कधी पानावर, पोट टेकून झोपतात. जागेची निवड चोख असते: साप फांदीवरून आला तर टोकाला आधी हादरा बसतो आणि सरडा खाली उडी टाकून मोकळा. झोपेत त्यांचा रंगही फिकट पडतो. त्यामुळे बॅटरीच्या उजेडात हिरव्या-काळ्या झुडपात एक पांढुरकी, मऊ लकेर उजळून निघते. एकदा ती नजरेत बसली की दहा मिनिटांत दुसरी सापडते.

बॅटरी डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि झुडपाची फक्त बाहेरची कड चाळा, आतला भाग नको. सापडला की उजेड बाजूला वळवा, कडेच्या अंधुक प्रकाशात बघा.

सावध: फांदी हलवू नका, वाकवूही नका. सुरुवातीच्या काळात एकदा चांगला कोन मिळावा म्हणून मी अंजनीची डहाळी दोन बोटांनी जरा खाली ओढली. सरडा टपकन खाली पडला, ओल्या पाचोळ्यात दोन-तीन उड्या मारून थांबला आणि तिथेच फिकट रंगात उघड्यावर बसून राहिला. थंड अंगाने त्याला परत चढणं जमत नव्हतं. त्या रात्री एखाद्या सापाचं जेवण मी वाढून ठेवलं असणार. फोटो आलाच नाही, हे वेगळं.

आणि घाटाच्या डांबरी रस्त्यावर रात्री शोध नको. वळणावर बॅटरी घेऊन झुडपात बघणारा माणूस गाडीवाल्याला शेवटच्या क्षणी दिसतो.

टप्पा 7: चार फोटो, याच क्रमाने

सरडा कधीही जाईल, म्हणून महत्त्वाचं आधी.

पहिला फोटो पूर्ण बाजूचा, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. शेपटी कापू नका. ती धडाच्या किती पट आहे हे ओळखीला लागतं. दुसरा मान आणि खांद्याचा, जवळून, पुढच्या पायाच्या मुळावर फोकस करून. तिसरा डोक्याचा, कानाच्या पडद्यासह. चौथा तो बसला आहे त्या जागेचा, मागे सरकून: खोड, साल, पानं, सगळं.

सगळे काढतात तो तिसरा. मला रोज हवा असतो तो दुसरा.

फ्लॅश दिवसा नकोच. रात्री एखाददुसऱ्या फोटोपुरता, तोही कागद लावून मंद केलेला. एका सरड्याजवळ तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. तो माना डोलवायला किंवा गळा फुगवायला लागला तर तुम्ही फार जवळ गेला आहात.

मोजमापासाठी सरडा धरायचा नाही. तो गेल्यावर तो ज्या पानावर किंवा खोडावर बसला होता ते मोजा, आणि फोटोतल्या त्याच पानाशी त्याची लांबी ताडून बघा. जमिनीपासूनची उंची छत्रीने मोजा. अदमास चालेल, अंदाजपंचे नको: "1.4 मीटर, अंजनी, मनगटाएवढं खोड" अशी नोंद दहा वर्षांनीही उपयोगाची असते.

टप्पा 8: आता ओळख

शॅमेलिऑन आधी बाद करा. त्याचे डोळे शंकूसारखे बाहेर आलेले असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरतात, पायाची बोटं चिमट्यासारखी दोन गटांत जोडलेली असतात, शेपटी फांदीला गुंडाळता येते आणि चाल डुलत डुलत, एक पाय हवेत ठेवून विचार करत. आपल्याकडे त्याला घोयरा म्हणतात. तो मुख्यतः कोरड्या भागातल्या बाभळी-बोरींवरचा. सुटी लांब बोटं, दोरीसारखी सरळ शेपटी आणि झटक्यात पळणं, यांतलं काहीही दिसलं की घोयरा नाही. रंग बदलला म्हणून घोयरा ठरत नाही. बागेतला सरडाही रंग बदलतो.

मग प्रश्न उरतो रानसरडा की बागेतला सरडा. दुसरा फोटो उघडा. पुढच्या पायाच्या वर, खांद्यापुढे कातडीची एक तिरकी घडी आहे का, आणि घडीत बारीक दाण्यांसारखे गडद खवले आहेत का? असतील तर तो रानसरडा. घडी नसेल, कातडी सपाट असेल आणि मोठे खवले मागे-वर वळलेले असतील तर बागेतला सरडा.

ताडून बघायला आणखी काही. रानसरडा सडपातळ, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सात-आठ सेंटिमीटर, शेपटी त्याच्या दुपटीहून लांब. बागेतला सरडा थोराड, धडच 10 सेंटिमीटरच्या पुढे जातं. रानसरड्याचे खवले बारीक, पाठीवरचा तुरा जेमतेम. विणीत नराचं अंग काळपट पडतं आणि डोक्या-गळ्यावर विटकरी लाली चढते. हीच लाली बघून लोक फसतात, कारण लाल गळा दोघांनाही येतो. कानावरच्या काट्यांवरूनही निकाल देऊ नका, तेही दोघांना असतात.

तपासा: पिल्लू असेल तर लांबीचा नियम विसरा. बागेतल्या सरड्याचं वाढतं पिल्लू मोठ्या रानसरड्याएवढं असतं. तिथे फक्त घडी बघा.

नावाचा एक घोळ. जुन्या पुस्तकांत रानसरड्याचं शास्त्रीय नाव कॅलोटिस रूक्सी दिलेलं असेल. 2018 मध्ये त्याला कॅलोटिसमधून काढून मोनिलेसॉरस या नव्या प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं, म्हणून आता तो मोनिलेसॉरस रूक्सी. दोन वेगळे सरडे समजून दोन नोंदी करू नका. मला असे चार्ट पाहायला मिळाले आहेत.

टप्पा 9: उडता सरडा हवा असेल तर स्वारगेटहून रातराणी पकडा

"ताम्हिणीत उडता सरडा कुठे बघायचा?" हा प्रश्न दर मोसमाला येतो. तिथे शोधू नका. उडता सरडा (ड्रॅको डुसुमिएरी) हा दक्षिणेकडचा. महाराष्ट्रात तो बघायचा तर तळकोकणात, सिंधुदुर्गात दोडामार्ग-तिलारीच्या बाजूला जा. पुढे गोवा, कर्नाटक, केरळपर्यंत तो आहे.

इथे सवय बदलावी लागते. रानसरड्यासाठी कमरेच्या उंचीवर बघत होतात, आता उंच, उघडी, सरळ खोडं बघा. घनदाट रानात तो असतोच, पण पोफळीच्या आणि माडांच्या बागेत शोधणं कितीतरी सोपं. बागमालकाला विचारा, चहा घ्या, आणि सकाळी नऊच्या सुमारास एका जागी बसा.

तो खोडावर असताना दिसत नाही. करडी-तपकिरी नक्षी, त्यावर दगडफुलासारखे फिकट ठिपके, पोट सालीला चिकटलेलं. पंख मिटलेले असतात तेव्हा कुशीला कातडीची चुणी दिसते, तेवढंच. त्याला उघडं पाडतो तो नराचा गळा: लिंबासारखा पिवळा, टोकदार पडदा. तो झेंड्यासारखा फडफडतो आणि मिटतो. पिवळी लकेर दिसली की नजर तिथेच ठेवा, पुढची फडफड होईपर्यंत डोळा हलवू नका.

पंख म्हणजे पाच-सहा लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेली कातडी. ती फडफडवता येत नाही, म्हणून हे उडणं खरं तर तरंगणं: वरच्या खोडावरून खालच्या खोडावर, वीस-तीस मीटरपर्यंतही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच जातीबद्दल दिसून आलं की हवेत असताना तो पुढच्या पायांनी पंखाची कड धरतो. फोटो काढताना हे उपयोगी पडतं: पुढचे पाय मागे, पंखाला लागलेले दिसले तर झेप चांगली पकडली गेली. त्यासाठी सरड्यावर कॅमेरा धरू नका. तो बसला आहे त्या आणि त्याच्या पलीकडच्या खोडामधली मोकळी जागा चौकटीत घ्या, आणि उतरेल ती जागा निघालेल्या जागेपेक्षा खाली असणार हे धरून चाला.

बहुतेक वेळ तो मुंग्या टिपत खोड चढत असतो. मुंग्यांची रांग असलेली पोफळ निवडलीत तर थांबणं वाया जात नाही. मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते आणि नाकाने माती उकरते. तशी दिसली तर मागे सरका आणि बागेतल्या कामकऱ्यांनाही सांगा; फावड्याखाली जायला वेळ लागत नाही.

टप्पा 10: नोंद

त्याच रात्री करा, झोपण्याआधी. तारीख, वेळ, ऊन-पाऊस, झाड, उंची, खोडाची जाडी, सरडा काय करत होता. झाडाचं नाव येत नसेल तर साल आणि पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो जोडा. "मोठं झाड" लिहू नका.

आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर नेमकं ठिकाण झाकायची सोय तिथे आहे, ती वापरा. उडत्या सरड्याच्या बागेचा पत्ता जाहीर झाला की पुढच्या रविवारी तिथे कोण काठ्या घेऊन पोहोचेल, सांगता येत नाही. बागमालकाचं नाव तर टाकूच नका.

आणि खांद्याचा फोटो हुकलाच असेल, तर जातीचं नाव ठोकून देऊ नका. 'सरडा, ॲगॅमिड कुळ' (रानसरडा आणि बागेतला सरडा दोन्ही याच कुळातले) एवढंच लिहा, बाकी तपशील भरा आणि ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला त्याच झाडापाशी परत जा. काल बसला होता त्याच खोडावर तो पुन्हा असण्याची शक्यता चांगली असते.